शिराळकर आणि उभा चिरलेला राजा

शिराळकरांनी मला पहिल्याच भेटीत मरून दाखवायला सांगितलं. मी तेव्हा चोवीस वर्षांची, मुलींच्या शाळेत नुकतीच लागलेली चित्रकलेची शिक्षिका. बुधवार पेठेतल्या एका गणेश मंडळाला हलत्या देखाव्यातल्या पुतळ्यांचे चेहरे रंगवायला कुणीतरी हवं होतं आणि आमच्या मुख्याध्यापिकाबाईंनी माझं नाव पुढे केलं होतं. इस्त्रीची साडी नेसून मी त्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिले. गळ्यापर्यंत बटणं लावलेला एक किडकिडीत माणूस माझ्याकडे न बघताच म्हणाला, "मरणाऱ्याचा चेहरा रंगवलाय कधी?"

नाही, म्हटलं.

"मग आधी मरून दाखवा. ते पोतं अंथरलंय."

मला वाटलं, चेष्टा करतायत. कोपऱ्यात सायकलच्या चेनला तेल देत बसलेले गृहस्थ मान वर न करता म्हणाले, "पडा बाई. आम्ही सगळे पडलोय इथं." पडले. शिराळकरांनी डोळे बारीक करून पाहिलं आणि निकाल दिला, "उठा. तुम्ही पदर सावरत मेलात. मरताना माणूस काही सावरत नाही. उद्या पुन्हा या."

तेल देणारे गृहस्थ म्हणजे बाळू दळवी. पलीकडच्या गल्लीत त्यांचं सायकलचं दुकान होतं आणि शिराळकरांचे ते शाळेपासूनचे मित्र. शिराळकर स्वतः पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन. दिवसभर कालव्यांचे आणि दरवाजांचे नकाशे काढायचे. तिथं त्यांचा आवाज कुणी ऐकला नव्हता. घरी झुरळ दिसलं तर ते खुर्चीवर चढतात, असं त्यांच्या पत्नी कुसुमताई सांगायच्या. पण आषाढ लागला की हा माणूस संध्याकाळी शेडमध्ये शिरायचा आणि अनंत चतुर्दशीपर्यंत दरवर्षी एकेकाचा जीव घ्यायचा.

पुराणातले वध हा त्यांचा विषय. दुसरं काही ते करत नसत. शेडमध्ये कुठल्याही पुतळ्याला नाव नव्हतं, मरणाच्या प्रकारावरून ते ओळखले जायचे. पोट फाडलेला, त्रिशूळवाला, गळा आवळलेला. मोटार, चेन, दातेरी चाकं आणि कागदाचा लगदा एवढ्यावर ती माणसं हलायची. गणपतीच्या दिवसांत संध्याकाळी सहापासून दर चार मिनिटांनी त्यांना मारलं जाई, पडदा पडे, ती उठून उभी राहत आणि पुन्हा मारली जात. लोक मुलांना खांद्यावर घेऊन बघायचे. दुसऱ्या मंडळांचे देखावे पाहून आलं की शिराळकर जोडे काढता काढता शेरा मारत, "त्यांचा राक्षस मेलेला नाही, झोपलाय. कुणीतरी उठवा त्याला, कामाला जायचं असेल." आणि त्यांचं नेहमीचं एक वाक्य होतं, "मारणारा कुणीही करतो हो. मरणारा करून दाखवा."

मरणारा बघायला ते कुठेही जात. बकरं कापतात तिथं सकाळी उभे राहून त्यांनी पायाच्या थरथरण्याची चित्रं काढून आणली होती. एकदा चौकात एका स्कूटरवाल्याला ट्रकनं उडवलं. गर्दी नुसती बघत होती. शिराळकरांनीच त्याला रिक्षात घातलं, इस्पितळात नेलं, स्वतःचं रक्त दिलं. तो माणूस वाचला. दुसऱ्या दिवशी शेडमध्ये येऊन त्यांनी आम्हांला जमिनीवर बसून दाखवलं, त्याची टाच डांबरावर कशी घासली जात होती ते. दोन वेळा दाखवलं. मी संतापले. तुम्हांला लाज वाटत नाही का, असं तोंडावर विचारलं. ते म्हणाले, "वाटते की. रक्त उगाच दिलं का? पण टाच माझी."

त्यांचा राग हा शेडमधला रोजचा प्रकार होता. काम चुकलं की हातातलं असेल ते फेकायचे. दळवींच्या कपाळावर पक्कडीची खूण होती आणि ती ते पाहुण्यांना कौतुकानं दाखवायचे. दळवीही काही कमी नव्हते, उलट फेकायचे. मी आल्यावर फेकाफेक थोडी कमी झाली एवढंच. माझ्यावर शिराळकरांनी कधी काही फेकलं नाही, पण मी कालवलेला लाल रंग ओतून दिला. "हे कुंकू झालं, बाई. रक्ताला काळं पडायची घाई असते." मग ब्लेडनं स्वतःचा अंगठा चिरून, थेंब पांढऱ्या बशीत पाडून, घड्याळ लावून त्यांनी मला तो रंग कसा बदलतो ते बघायला बसवलं. त्या संध्याकाळी मला जेवण गेलं नाही. आणि खरं सांगते, दुसऱ्या दिवशी मी शाळा सुटायची वाट बघत होते. तिथं मला जे शिकायला मिळालं ते कुठल्याही कलाशाळेत मिळालं नसतं, आणि ते मला हवं होतं.

एका बाबतीत मात्र हा माणूस भटजींपेक्षा सोवळा होता. मोटारीचा बोर्ड बाजूच्या कापडाआड असे. तिथून ना रंगमंच दिसे, ना त्याखालची यंत्रं. म्हणून खटका दाबण्यापूर्वी ते मोठ्यानं हाक देत, "हात?" जो यंत्राजवळ असेल त्यानं "बाहेर" म्हणायचं, प्रत्येकानं आपापलं. सगळी उत्तरं आल्याशिवाय खटका दाबला जात नसे. सुरुवातीला मला हे पोरकट वाटलं होतं. पुढं आम्ही तिघंच उरलो, कामाला सरावलो, आणि उत्तरं हळूहळू एक झाली. ज्याचं आधी तोंड उघडेल तो सगळ्यांचं मिळून "बाहेर" म्हणून टाकू लागला. हे कधी सुरू झालं ते आमच्यापैकी कुणालाच सांगता आलं नसतं.

मला मंडळात सात वर्षं झाली त्या साली शिराळकरांनी उभा चिरलेला राजा काढला. मल्ल त्याचा एक पाय दाबून धरतो, दुसरा खेचतो आणि राजा पायापासून टाळूपर्यंत फाटून दोन बाजूंना पडतो. गेल्या बारा वर्षांत जे काही जमलं होतं ते सगळं त्यांनी यात घातलं होतं. पिठाच्या गिरणीची जुनी मोटार आणली, दळवींनी चेन जोडल्या, टेपवरचा आवाज शिराळकरांनी स्वतः भरला. हाडं मोडण्याच्या आवाजासाठी त्यांनी वाळलेले बांबू फोडले, शंभर तरी फोडले असतील. राजाच्या आतल्या बाजू मी रंगवल्या. पहिल्यांदा सगळं चाललं तेव्हा दळवी खाली बसून राहिले आणि शिराळकरांना म्हणाले, "अनंता, हे पोरांना दाखवायचं का रे?" शिराळकर खूश नव्हते. राजा फाटतो त्या जागी त्यांना किंकाळी हवी होती. त्यांनी स्वतः ओरडून पाहिलं, दळवींना ओरडायला लावलं, एका नाटकवाल्याला आणलं. सगळं खोटं वाटलं. शेवटी ती जागा त्यांनी रिकामी ठेवली, नुसते बांबू.

सातव्या दिवशी आठच्या सुमाराला राजाचा डावा भाग अर्ध्यावर अडकला. पडदा ओढला. बाहेर रांग चौकापर्यंत गेली होती, शिट्ट्या चालू होत्या, समोरच्या मंडळाचा कर्णा कान फोडत होता. दळवी पाना घेऊन खाली शिरले. मी वर राजाच्या फाटलेल्या कुशीत उडालेला रंग भरत बसले. मंडळाचे अध्यक्ष कापडाबाहेरून ओरडले, लोक दोरी तोडतील. मग शिराळकरांची हाक आली, "हात?"

मी म्हटलं, "बाहेर."

खाली वाकून पाहिलं नाही. ब्रशवरून लाल ओघळत होता, तो साडीवर पडू नये म्हणून मी ब्रश आडवा धरला होता आणि माझं सगळं लक्ष त्या ओघळाकडे होतं. खाली कर्ण्याच्या आवाजात दळवींना ना हाक ऐकू गेली, ना माझं उत्तर.

मी पाठीमागे सरकले, पडदा उघडला, मोटार लागली. राजा फाटू लागला आणि त्याच क्षणी खालून किंकाळी आली. अशी किंकाळी मी आयुष्यात ऐकली नव्हती. बाहेरच्या गर्दीनं टाळ्यांचा कडकडाट केला. पोरं नाचायला लागली. दोन्ही भाग पडले, चेन उलटी फिरली, राजा सांधून उभा राहिला, दुसरी किंकाळी आली, आणि मग अंधार झाला. शिराळकरांनी बोर्डातून वायरच उपटली होती. त्यांचा तळवा भाजला. कंदील आणून फळ्या उचलल्या तेव्हा दळवी चेनला धरून बसल्यासारखे बसले होते आणि त्यांचा हात कुठे संपतो ते कळत नव्हतं.

उजव्या हाताची मधली तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी राहिली.

इस्पितळाच्या पायऱ्यांवर अध्यक्षांनी शिराळकरांना सगळ्यांसमोर विचारलं, हाक दिली होती का. शिराळकर आपल्या जोड्यांकडे बघत म्हणाले, "नाही. विसरलो." मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. मला तोंड होतं, आवाज होता. मी भ्याले. शेडमधली मी एकटी बाई, उद्या सगळी पेठ काय म्हणेल, शाळेत काय कळेल, हे सगळं त्या एका क्षणात मनात येऊन गेलं, आणि तो क्षण गेल्यावर बोलणं दर तासाला अवघड होत गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी देखावा पुन्हा सुरू करायचं ठरलं. खरं रक्त सांडलेला देखावा म्हणून गावभर झालं होतं आणि लोक सकाळपासून विचारायला येत होते. कुणीतरी दुसरा माणूस बोर्डावर बसवायचा, बाकी सगळं तयारच होतं. तेवढ्यात शिराळकर आले. त्यांच्या हातात घण होता.

पहिला घाव मल्लाच्या छातीवर बसला. मग ते मागच्या शेडमध्ये गेले, जिथं जुने पुतळे गोणपाटात गुंडाळून ठेवलेले असत. पोट फाडलेला, त्रिशूळवाला, गळा आवळलेला. ज्या क्रमानं केले होते त्याच क्रमानं ते फोडत गेले. लगद्याचे तुकडे, तारा, काथ्या उडत होता. चार कार्यकर्ते धावले. झुरळाला घाबरणाऱ्या त्या माणसानं एकाच्या मनगटाचा असा चावा घेतला की रक्त आलं. दुसऱ्याला कोपरानं पाडलं. अध्यक्षांनी त्यांच्या तोंडात मारली. दोनदा मारली. नाकातून रक्त शर्टवर उतरलं, तरी घण हातातून सुटला नाही. ते म्हणाले, "मला मारा. पण आधी हे संपू द्या." मग कुणी पुढे झालं नाही.

राजा त्यांनी शेवटी घेतला. धड फुटलं, डोकं घरंगळत माझ्या पायाशी आलं. मी वेळ घेऊन रंगवलेला चेहरा होता तो, माझ्या हातचं सगळ्यांत चांगलं काम. शिराळकर धापा टाकत समोर येऊन उभे राहिले. "हा तुमचा आहे. फोडू?" मी मानेनं हो म्हटलं. त्यांनी एका घावात तो फोडला, घण खाली ठेवला आणि निघून गेले. शेडमध्ये ते पुन्हा कधी आले नाहीत.

मंडळानं त्यांना वेडं ठरवलं. नंतर पुढच्या आषाढात तीच मंडळी पेढे घेऊन बोलवायला गेली. त्यांनी पेढे ठेवून घेतले आणि म्हणाले, "देखावा? बघायला येईन की, वेळ झाला तर." दळवी तीनदा गेले. प्रत्येक वेळी शिराळकरांनी त्यांना चहा पाजला, पावसाबद्दल बोलले आणि दारापर्यंत सोडलं. चौथ्यांदा दळवी गेले नाहीत. मला म्हणाले, "हात माझा गेला आणि रुसून बसलाय तो. हाकसुद्धा न देता खटका दाबतो, वर तोंड लपवतो. जाऊ दे त्याला." शाळेपासूनची मैत्री अशी संपली, आणि ती माझ्या तोंडातल्या एका शब्दावर संपली होती हे मला रोज माहीत होतं. मी मात्र मंडळातच राहिले. पुढं देखाव्यांची मुख्य झाले, माझे सत्कार झाले. वध पुन्हा केला नाही. नऊ वर्षं फक्त आशीर्वाद देणारे देव रंगवले. ते सगळे एकसारखेच दिसायचे.

दहाव्या वर्षी मी हिय्या करून विश्रांतवाडीला गेले. निवृत्त होऊन शिराळकर तिथं तळमजल्याच्या घरात राहत होते. भिंतीवर कॅलेंडरखेरीज काही नव्हतं. हल्ली काय करता, असं विचारलं तर म्हणाले, "जिवंत राहतो. जमतंय." कुसुमताई जेवूनच जा म्हणाल्या आणि चटणी वाटायला घेतली. मिक्सरचं बटण दाबायला शिराळकर खुर्चीतून उठून आत गेले आणि मला ती हाक ऐकू आली, "हात?" मी आत डोकावले. कुसुमताईंनी दोन्ही तळवे वर करून दाखवले. शिराळकरांनी ते नीट पाहिले आणि मग बटण दाबलं. "तोंडी उत्तर चालत नाही आमच्याकडे," कुसुमताई हसून म्हणाल्या.

मी खाली लादीवर बसले आणि म्हटलं, "काका, त्या दिवशी बाहेर मी म्हटलं होतं."

"माहीत आहे," ते म्हणाले. "बाळ्याचा आवाज मला ओळखू येत नाही का?"

मग तुम्ही हाक दिलीच नाही असं का सांगितलंत, असं मी विचारलं. मला वाटत होतं, मला वाचवायला. त्यांनी भाजलेला तळवा मांडीवर उताणा ठेवला.

"तुमच्यासाठी नाही, बाई. मला दुसरंच झाकायचं होतं, त्याखाली तुमचंही झाकलं गेलं इतकंच. टेप मी भरलेली. त्या जागी ओरडणं नव्हतं, हे मला पहिल्या किंकाळीलाच कळलं. खटका बोटाखाली होता. आणि मी ऐकत उभा राहिलो. मनात आलं, हे असं असतं होय. इतकी वर्षं शोधत होतो ते हे. तेवढ्यात चेन उलटी फिरली." मग ते म्हणाले, "डॉक्टरांना विचारलं होतं मी. पहिल्या फेरीत एक बोट गेलं. एक तुमचं असेल. दोन माझी."

कुसुमताई चटणीचं भांडं हातात धरून तशाच उभ्या होत्या. त्यांनाही हे पहिल्यांदाच कळत होतं.

"असला माणूस पुन्हा त्या शेडमध्ये जाऊ देऊ नये," शिराळकर म्हणाले. "सांगायचं तर बाळ्याला सांगा. दोन्ही सांगा. मला त्याच्यासमोर तोंड उघडता आलं नाही कधी."

मी तिथून थेट दळवींच्या दुकानात गेले. ते डाव्या हातानं चाक फिरवत, उजव्याच्या अंगठा-करंगळीत चिमटा धरून तारा ओढत होते. मी आधी माझं सांगितलं, मग शिराळकरांचं. चाक फिरायचं थांबलं, पुन्हा फिरवलं, पुन्हा थांबलं. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे ऐकली त्यानं. माझी ओरड."

हो, म्हटलं.

"पसंत पडली का?"

मला रडू आलं. मी मानेनंच हो म्हटलं. दळवींनी चिमटा खाली ठेवला. "दहा वर्षं मी त्याला विसरभोळा समजत होतो," ते म्हणाले. "रविवारी जाऊ. तुम्हीपण चला. आणि आज आता घरी जा, मला तुमचं तोंड बघवत नाही." ते बरोबर होतं. मी घरी गेले.

रविवारी दार शिराळकरांनी उघडलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणी मिठी मारली नाही, कुणी पाया पडलं नाही. दळवी आत येऊन खुर्चीवर बसले, पाणी प्यायले, रस्त्यातल्या खड्ड्यांबद्दल बोलले. शिराळकर सगळ्याला "हो, हो" म्हणत होते. पुढं ते दोघं शिराळकर जाईपर्यंत दर रविवारी भेटत राहिले, पण त्या विषयावर पुन्हा बोलले नाहीत असं मला दळवींनीच सांगितलं. त्या दिवशी शेवटी बोलण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा आतून कुसुमताईंनी चटणीसाठी हाक मारली. शिराळकर उठून गेले. सवयीनं त्यांच्या तोंडून शब्द निघून गेला, "हात?" बटणावर बोट ठेवून ते तसेच गोठून उभे राहिले.

दळवी उठले. स्वयंपाकघराच्या दारात जाऊन त्यांनी आधी डावा तळवा वर केला, मग उजवा, अंगठा आणि करंगळी ताणून.

"बाहेर," ते म्हणाले. "उरलीत तेवढी सगळी."

त्यांच्या मागे उभी राहून मीही माझे दोन्ही हात वर केले. शिराळकरांनी आमचे चारही तळवे एकेक करून पाहिले, खूप वेळ पाहिले. मिक्सर त्या दिवशी कुसुमताईंनी लावला.